अर्ध्या वर्तुळातले गाव

आईची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी तिला गाडी चालवणे थांबवायला सांगितले, त्या दिवसापासून आपण नेमके कुठे राहतो हे आम्हाला नव्याने कळू लागले. घरापासून सर्वांत जवळचे औषधांचे दुकान सरळ रेषेत ४५० मीटरांवर होते. परंतु मध्ये शेजारच्या वसाहतीचे कुंपण, पावसाचे पाणी साठवण्यासाठी खणलेला तलाव आणि सहापदरी रस्ता आडवा येत असल्यामुळे पायी जायचे म्हटले तर जवळजवळ दोन किलोमीटरांचा वळसा पडत असे, आणि त्यातल्या निम्म्या वाटेवर पदपथच नव्हता. आयुष्यभर स्वतःची कामे स्वतः करत आलेली आई गोळ्यांची पट्टी संपली की माझी किंवा माझ्या धाकट्या भावाची वाट पाहू लागली. एके दिवशी तिने सरळच सांगितले, "मला मोठे घर नको. कोणाला न विचारता मला घराबाहेर पडता येईल, अशी जागा तुम्ही दोघे बघा. आणि जमले तर समुद्राजवळ बघा."

त्यानंतरच्या दीड वर्षात आम्ही किनाऱ्यावरची नऊ गावे पाहिली. गाव म्हणताना मला सात-आठ हजारांपासून तीस-चाळीस हजारांपर्यंत वस्ती असलेली छोटी शहरे अभिप्रेत आहेत. उपनगरांचा पसारा यांपैकी बहुतेकांच्या वेशीपर्यंत येऊन ठेपलेला आहे, काहींना तो गिळून पुढेही गेला आहे. त्यामुळे परवडणारे आणि पायी वावरता येईल असे गाव शोधणे म्हणजे पसाऱ्यात शिल्लक राहिलेला एखादा तुकडा शोधणे होते.

पहिली तीन गावे आम्ही चुकीच्या पद्धतीने पाहिली. गाडीतून किनाऱ्याच्या रस्त्याने फिरलो, समुद्र दिसणारी घरे आतून पाहिली, आणि तिन्ही गावे आम्हाला आवडली. गाडीच्या खिडकीतून पाहिलेले गाव आवडतेच, कारण गाडीला चढ जाणवत नाही, ऊन लागत नाही आणि दोन दुकानांमधले मोकळे वाहनतळ ती दहा सेकंदांत मागे टाकते. घरी परतल्यावर आईने विचारले, "टपाल कार्यालय कुठे होते?" आणि तिन्ही गावांबाबत आमच्यापैकी एकालाही उत्तर देता आले नाही. चौथ्या गावापासून भावाने नियम घातला. "ताई, गाडी वेशीवर उभी करायची, आणि परत निघेपर्यंत तिला हात लावायचा नाही." दोन दिवस, दोन रात्री, सगळी कामे पायी. हा नियम आम्ही पुढे कधी मोडला नाही.

पायी चालण्याचे एक जुने माप नगररचनेत प्रसिद्ध आहे. अमेरिकी नियोजक क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली शेजारवस्तीची जी कल्पना मांडली, तिच्यात पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर, एवढे अंतर माणूस सहज चालून जातो असे धरले होते. एखाद्या दुकानाभोवती ४०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे ५० हेक्टर जमीन येते, आणि त्या जमिनीवर राहणारी माणसे हीच त्या दुकानाची पायी येणारी गिऱ्हाइके असतात. चौथ्या गावात बंदराच्या धक्क्यावर बसून नकाशावर हे वर्तुळ काढताना माझ्या लक्षात आले की वर्तुळाचा निम्मा भाग पाण्यात जातो आहे. किनाऱ्यालगतच्या दुकानाला ५० नव्हे, तर २५ हेक्टरच मिळतात. ही साधी भूमिती ध्यानात आली तेव्हा किनाऱ्यावरच्या गावांविषयीच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा झाला.

निम्म्या जमिनीवर दुकान, दवाखाना, शाळा आणि बसची फेरी टिकवायची तर तीनच मार्ग उरतात. एक तर त्या अर्ध्या वर्तुळात घरे दाट हवीत. जुनी बंदरे अशी दाट आहेत, भिंतीला भिंत लागून, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. दुसरा मार्ग पाहुण्यांचा: गिऱ्हाइकांची तूट हंगामात येणाऱ्या लोकांकडून भरून काढायची. आणि तिसरा म्हणजे समुद्राकडे पाठ फिरवायची, दुकान उचलून आत बाह्यवळण रस्त्याच्या फाट्यावर न्यायचे, जिथे चारी बाजूंनी गाड्या येतात आणि पुढे चारशे गाड्यांचे वाहनतळ बांधता येते. उपनगरी पसाऱ्याने बहुतेक ठिकाणी तिसरा मार्ग धरला आहे, आणि एकदा फाट्यावर मोठे दुकान उभे राहिले की धक्क्याजवळच्या दुकानांची हातातोंडाची गाठ तुटते. म्हणून आम्ही गावात उतरल्यावर समुद्राआधी एका प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो: या अर्ध्या वर्तुळात बाराही महिने राहणारी माणसे किती?

प्रश्न सोपा दिसतो, पण त्याचे उत्तर नकाशावर सापडत नाही. नकाशावर एवढे मात्र कळते की अर्धे वर्तुळ खरोखर चालण्याजोगे आहे की नाही. मोटारीच्या आधी वाढलेल्या भागात रस्त्यांची वीण बारीक असते, दर पन्नास-साठ पावलांवर किंवा फार तर शंभर पावलांवर कोपरा येतो आणि एक वाट बंद असली तर दुसरी लगेच मिळते. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या मध्यभागात रस्त्यांच्या मधले इमारतींचे चौकोन साधारण ६१ मीटर बाजूचे आहेत, आणि तिथे चालणे सोपे वाटण्याचे ते एक मोठे कारण मानले जाते. उलट, नव्या वसाहतींतले रस्ते झाडाच्या फांद्यांसारखे असतात: घरासमोरची गल्ली जाडसर फांदीला मिळते, ती फांदी खोडाला, आणि शेजारच्या फांदीवर जायचे तर आधी खोडापर्यंत यावे लागते. आमच्या घराचे ४५० मीटर दोन किलोमीटर होत होते ते यामुळेच.

जुनी किनारी गावे दाट का, याचेही कारण आहे. इंग्लंडमधील ब्रायटनला लंडनहून रेल्वे आली ती १८४१ साली. अशा गावांत येणारा माणूस गाडीतून किंवा बोटीतून उतरल्यावर पायीच असे, त्यामुळे स्थानकापासून पाण्यापर्यंतच्या पट्ट्यात सगळे बसवावे लागले. पुढे भूवापराच्या विभागणीचे नियम आले. ओहायो राज्यातील यूक्लिड या गावाच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली असे नियम वैध ठरवले, आणि घरे एकीकडे, दुकाने दुसरीकडे ही मांडणी तिथे रूढ होत गेली. कारखान्याचा धूर घरांपासून दूर ठेवण्याचा हेतू चांगलाच होता. पण त्याच नियमाने घराखालचे औषधांचे दुकानही बेकायदा ठरले, याचे मला फार वाईट वाटते. म्हणून गाव पाहताना मी आता तिथल्या नियोजन कार्यालयात जाऊन एकच विचारते: या गल्लीत आज घराखाली नवे दुकान काढायला परवानगी मिळते का? सहा कार्यालयांत विचारले, दोन ठिकाणी "हो" मिळाले.

पैशांचा हिशेब आम्ही आधी चुकीचा मांडला होता. घराची किंमत आणि घरभाडे एवढेच पाहिले तर पसाऱ्यातली नवी वसाहत जुन्या गावापेक्षा नेहमी स्वस्त दिसते. उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत घरखर्च असेल तर घर परवडते, हा आडाखा अनेक ठिकाणी वापरला जातो. पण त्यात घरापासून कामाला, बाजाराला आणि दवाखान्यात जाण्याचा खर्च धरलेला नसतो. शिकागो येथील सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी या संस्थेने घर आणि प्रवास हे दोन्ही खर्च एकत्र मोजण्याची पद्धत रुजवली आणि दोहोंची मिळून ४५ टक्के ही मर्यादा सुचवली. आम्ही वहीत तीन रकाने आखले: घर, गाड्या आणि समुद्र. गाड्यांच्या रकान्यात हप्ता, विमा, इंधन, दुरुस्ती आणि दर काही वर्षांनी नवी गाडी घेण्याची तजवीज, हे सगळे लिहिले. आज आमच्याकडे दोन गाड्या आहेत. ज्या गावात एकीवर भागेल तिथे घरावर थोडा अधिक खर्च करूनही आमची बेरीज खाली येत होती, आणि ज्या स्वस्त वसाहतीत भावाला तिसरी गाडी घ्यावी लागली असती तिथे ती वर जात होती. समुद्राच्या रकान्यात काय लिहायचे हे मात्र आम्हाला बऱ्याच उशिरा कळले. त्याविषयी पुढे सांगते.

बाराही महिने राहणारी माणसे किती, याचे उत्तर आम्हाला पाचव्या गावात मिळाले, आणि ते मनाला लागले. उन्हाळी सुट्टीत ते गाव पाहून आई हरखून गेली होती: धक्क्यावर माणसे, दुकाने रात्री दहापर्यंत उघडी, बाकांवर बसायला जागा नाही. मध्यस्थाने तर कागदपत्रांची बोलणीही सुरू केली होती. भावाने हंगाम संपल्यावर, आठवड्याच्या मधल्या वारी, पुन्हा एकदा जाऊन येण्याचा आग्रह धरला म्हणून आम्ही गेलो. संध्याकाळी सात वाजता, अंधार पडल्यावर, आम्ही तिघे धक्क्यापासून वर जाणाऱ्या एका गल्लीतून चाललो आणि मी दोन्ही बाजूंच्या खिडक्या मोजल्या. चाळीस घरांपैकी सात घरांत दिवा होता. बाकीच्या दारांवर पाहुण्यांसाठी किल्ली ठेवण्याच्या, आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या पेट्या लटकत होत्या. औषधांचे दुकान बंद होते आणि दारावर पुढच्या हंगामाची तारीख लिहिली होती. आईने त्या पाटीवर हात ठेवला, अक्षरे डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि म्हणाली, "म्हणजे मी पाच महिने आजारी पडायचे नाही." त्या गावाचा विषय तिथेच संपला.

सुट्टीपुरती घरे आणि पाहुण्यांना रोजाने दिली जाणारी घरे ही किनाऱ्यावरच्या गावांची खरी पोखरणी आहे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. ती घरभाडे वाढवतात हे सर्वांना दिसते. पण अर्ध्या वर्तुळातली माणसे कमी करतात, म्हणजे दुकान, शाळा आणि बस या तिन्हींचा पायाच काढून घेतात, हे चटकन दिसत नाही. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील सेंट आइव्हज या गावाने मे २०१६ मध्ये जनमत घेतले, आणि नव्याने बांधलेली घरे केवळ कायम राहणाऱ्यांसाठीच असावीत या नियमाच्या बाजूने ८० टक्क्यांहून अधिक मते पडली. बार्सिलोना शहराने तर पाहुण्यांसाठीच्या सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत संपुष्टात आणण्याचे २०२४ साली जाहीर केले. असे नियम कितपत लागू पडतील यावर वाद आहेत, आणि आधीची घरे त्यांच्या कक्षेबाहेर राहिली तर मागणी तिकडे वळते हा आक्षेप मला रास्त वाटतो. तरीही ज्या गावाने हा प्रश्न सभेत मांडला आहे, त्या गावात राहणाऱ्यांना आपले गाव हवे आहे एवढे तरी कळते.

सहाव्या गावात दिवे भरपूर होते, शाळा सुरू होती, दुकाने उघडी होती, आणि तरी ते आम्ही सोडले. कारण एक रस्ता. घरे आणि बाजार यांच्या मधून किनाऱ्याचा हमरस्ता जात होता, चार पदरांचा, साधारण १४ मीटर रुंद. पायी ओलांडणाऱ्यांसाठी दिवा होता. माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरून अनेक देशांत अशा दिव्यांची वेळ ठरवली जात आली आहे; त्या हिशेबाने १४ मीटरांना १२ सेकंद पुरतात. आई काठी घेऊन सेकंदाला ०.८ मीटर चालते. दिवा हिरवा झाला, तिने काठी खाली टेकवली, उतार नसलेल्या कडेवरून आधी उजवा मग डावा पाय उतरवला, आणि ती दुभाजकाच्याही अलीकडे असताना दिवा लुकलुकू लागला. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी तिचे हात धरले. गाड्या थांबून राहिल्या, कोणी भोंगाही वाजवला नाही. पण तिचा हात माझ्या हातात थरथरत होता आणि पलीकडे पोहोचल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही.

वेगाचे गणित मी त्या रात्री मांडून पाहिले. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणाऱ्या गाडीच्या चालकाने एका सेकंदात ब्रेक दाबला तरी कोरड्या रस्त्यावर गाडी थांबेपर्यंत साधारण २८ मीटर जातात. वेग ताशी ३० असेल तर १३ मीटरांत काम होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सरासरी वेग एक टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. म्हणजे २५ हेक्टरांचे ते अर्धे वर्तुळही हमरस्त्याने पुन्हा चिरले तर आईच्या वाट्याला त्यातली एक फाकच येते. सातव्या गावापासून आम्ही आधी सर्वांत रुंद रस्ता ओलांडून पाहतो, मग बाकीचे.

आता समुद्राच्या रकान्याविषयी. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, हे आपण सगळे जाणतो. म्हणून आम्ही मुद्दाम अमावास्येनंतरच्या दिवशी सातव्या गावात गेलो. आकाश निरभ्र होते, आठवडाभर पाऊस नव्हता. धक्क्यापासून दीडशे मीटर आत, एका सखल कोपऱ्यावर, गटाराच्या जाळीतून पाणी हळूहळू वर येत होते. बोट बुडवून चव घेतली तर ते खारे होते. पावसाचे पाणी समुद्रात सोडण्यासाठी घातलेल्या नळातून उधाणाचा समुद्रच उलटा गावात येत होता. तासाभरात कोपऱ्यावर घोटाभर पाणी साचले, एका दुकानदाराने सवयीने दाराशी फळी लावली, आणि ओहोटी लागल्यावर ते आले तसे निघून गेले. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या २०२१ सालच्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी ०.२० मीटरने वाढली, आणि २००६ ते २०१८ या वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात. त्या जाळीपाशी उभे राहिल्यावर तसे वाटत नाहीत.

विहिरींचेही विचारून घ्यावे. किनाऱ्यावर जमिनीखालचे गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि घायबेन व हर्झबर्ग या दोघांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार गोड्या पाण्याची पातळी समुद्राहून १ मीटर उंच असेल तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडे पाणी मिळते. वरची पातळी उपशाने अर्धा मीटर जरी खाली गेली, तरी खालून खारे पाणी त्याच्या चाळीसपट वर चढू लागते. पसाऱ्यातल्या नव्या वसाहती आणि त्यांची हिरवळ पोसण्यासाठी जिथे भरमसाट उपसा होतो, तिथल्या जुन्या गावातील विहिरी खारट होण्याची भीती यामुळेच असते. घराच्या बांधकामाचेही तसेच: खाऱ्या हवेतले क्लोराइड काँक्रीटमध्ये शिरून आतल्या सळयांना गंज चढवतात, गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, आणि मग सज्ज्याच्या तळाची ढलपी निघून पडते. ही डागडुजी, पुराचा विमा आणि गावाच्या बंधाऱ्याचा कर यांचा अंदाज घेतल्यावर पाण्याच्या अगदी काठावरची घरे आमच्या यादीतून आपोआप गळाली. आम्ही आता धक्क्यापासून तीनशे-चारशे मीटर आत, थोड्या चढावरची घरे पाहतो. तिथून समुद्र दिसत नाही, किंमत उतरते, आणि अर्ध्या वर्तुळातला बाजार हाताशी राहतो.

आठव्या गावात बस नव्हती. तिथे एक रात्रच राहिलो.

नववे गाव पाहताक्षणी कोणाच्या मनात भरेल असे नाही. वाळू थोडी आहे, जुन्या गोदामांची रांग रिकामी पडलेली आहे, आणि बाह्यवळण रस्त्यावर एक मोठे दुकान येऊन बसले आहे. परंतु तिथे मासेमारीचे बंदर चालू आहे, जहाजांच्या दुरुस्तीचा कारखाना आहे, एक छोटे रुग्णालय आहे, म्हणजे पाहुण्यांशिवायही माणसांना तिथे राहण्याचे कारण आहे. हंगाम सरल्यावर संध्याकाळी मोजले तेव्हा चाळीस घरांपैकी एकतीस घरांत दिवे होते. गावातल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे आणि बाजाराच्या तोंडाशी रस्ता उंचवून पदपथाच्या पातळीवर आणला आहे, त्यामुळे काठी उतरवावी लागत नाही. दोन बाबतींत मी अजून साशंक आहे: उतारावरचे पदपथ पावसात निसरडे होतात, आणि रिकाम्या गोदामांच्या जागी सुट्टीसाठीच्या सदनिका बांधण्याचा प्रस्ताव गावापुढे आला आहे. त्या सभेला आम्ही जाणार आहोत.

घर अजून घेतलेले नाही. हंगाम नसलेल्या तीन महिन्यांसाठी एक भाड्याची जागा घेतली आहे, कारण गावाची परीक्षा त्याच महिन्यांत होते. औषधांच्या दुकानापर्यंत ३८० मीटर अंतर आहे, वाटेत दोन बाक आहेत, आणि एकही हमरस्ता नाही. परवा सकाळी आई गोळ्यांची पट्टी आणायला एकटी गेली. भावाने मागोमाग जायचे म्हटले, मी त्याला अडवले, आणि आम्ही दोघे खिडकीत घड्याळाकडे पाहत बसलो. आठ मिनिटे जायला, आठ यायला, पाच दुकानात, असा आमचा अंदाज होता. ती सव्वा तासाने परतली. वाटेतले ग्रंथालय उघडे होते.